माइकवर ‘हो’ म्हणाले, पण झोप उडाली

ताई, नमस्कार.

माझे मिस्टर पायदळात नाईक आहेत. नोकरीला तेरा वर्षं झाली. मी सातारा जिल्ह्यात, गावी, सासूबाई आणि दोन मुलांबरोबर राहते. मुलगा आठ वर्षांचा आहे, मुलगी तीन.

२०२५च्या एप्रिलमध्ये धाकट्या दिरांच्या लग्नासाठी हे सुट्टीवर आले होते. २२ तारखेला पहलगामच्या दहशतवादी हल्ल्याची बातमी आली. घरात मांडवाची तयारी चालू असतानाच युनिटचा फोन आला आणि हळद लागायच्या आधी हे निघून गेले. ७ मेला पाकिस्तानशी लढाई सुरू झाली, तेव्हापासून तर फोनही बंद. सासूबाईंनी टीव्हीसमोरची जागा सोडली नाही. कुणी सांगायचं कराची पेटलं, कुणी सांगायचं आपली चौकी उडवली. १० तारखेला लढाई थांबली तेव्हा मी देवापुढे दिवा लावला आणि बाहेर पारावर माणसं म्हणत होती, ‘अजून चार दिवस पाहिजे होतं, कायमचा निकाल लागला असता.’

१५ ऑगस्टला गावाने माझा सत्कार केला. माइकवर एकाने विचारलं, ‘वहिनी, पुन्हा वेळ आली तर पाठवाल ना दादांना?’ मी ‘हो’ म्हणाले. टाळ्या वाजल्या. त्या रात्री मला झोप आली नाही आणि नंतरही नीट लागलेली नाही.

हे दिवाळीत येऊन गेले. काही विचारलं की ‘काही नाही, ड्युटी’ एवढंच बोलतात. १० नोव्हेंबरला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला, ती बातमी ऐकली आणि माझे हातपाय गळून गेले. हे दिल्लीत नव्हतेच, तरी मी वेड्यासारखी फोन लावत बसले. मुलगा शाळेत सांगतो, ‘माझे पप्पा पाकिस्तानला मारतात’ आणि रात्री मला घट्ट धरून झोपतो. मध्ये दोन-तीनदा अंथरूण ओलं केलं. आता शाळेच्या गॅदरिंगला त्याला सैनिकाचं काम दिलंय, तोही नाटकात शहीद होणाऱ्या सैनिकाचं.

मी माइकवर खोटं बोलले का? दोन वर्षांनी पेन्शन बसते. ‘आता बास करा, घरी या’ असं म्हणावंसं वाटतं, पण फौजीच्या बायकोने असं म्हणावं का? आणि मुलाचं काय करू?

– एक फौजीची बायको

.

ताई, तुमचं पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा देते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याखाली दबलेत. तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्हाला जो प्रश्न विचारला गेला तोच विचारण्यासारखा नव्हता.

तुमच्या मिस्टरांना पाठवायचं की नाही हे तुमच्या हातात कधीच नव्हतं. आदेश आला की ते जाणार, हे तुम्हाला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे आणि तेरा वर्षांच्या नोकरीत तुम्ही ते निभावलंय. मग माइक पुढे करून संमती कशाची मागितली? खरं तर त्या माणसाला तुमचं उत्तर नकोच होतं, त्याला टाळ्यांची जागा हवी होती. त्याच्या मनात वाईट काही नसेल, मला तसं वाटतही नाही. पण सत्काराला बोलावलेल्या बाईला, सासू आणि लेकरं समोर बसलेली असताना, नवऱ्याच्या जिवाबद्दल विचारायचं आणि एकाच उत्तराची सोय ठेवायची, हे चुकीचं आहे. तुम्ही त्या क्षणी जे बोलायला हवं ते बोललात. भीती वाटते हेही तितकंच खरं आहे. दोन्ही एकाच बाईच्या मनात असतात आणि फौजीच्या प्रत्येक घरात असतात.

देशावर आघात झाला की लोकांना आपलं दुःख, आपला राग कुठेतरी नेऊन ठेवायचा असतो. पहलगामच्या बैसरन पठारावर २६ माणसं मारली गेली, त्यात आपल्या महाराष्ट्रातली सहा होती. लोक हादरले होते आणि ते हादरणं खोटं नव्हतं. पण राग नेऊन ठेवायला गावात जागा कुठली? तुमचा उंबरा. एका रात्रीत तुमचं घर सगळ्यांचं झालं. कुणीही येऊन तुमच्याशी देशाबद्दल बोलू लागलं आणि तुम्ही काय वाटून घ्यायचं हेही तेच ठरवू लागलं. त्याच पहलगाममध्ये लग्न होऊन आठवडाही न झालेल्या एका नौदल अधिकाऱ्याचा बळी गेला. त्याच्या पत्नीने पुढे एवढंच म्हटलं की मुस्लिम आणि काश्मिरी लोकांच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता आणि न्याय हवा. तर जे लोक आदल्या दिवशी तिच्यासाठी रडत होते त्यांच्यातलेच कित्येक तिच्यावर तुटून पडले. राष्ट्रीय महिला आयोगाला तिच्या बाजूने बोलावं लागलं. लोकांना हवं तसं रडली तर आपली, नाहीतर परकी! तुमच्या माइकवरच्या त्या ‘हो’ला हेच कारण आहे. वेगळं काही बोललात तर काय होईल, हे तुम्हाला न सांगता कळलं होतं.

पुढच्या वेळी सत्काराला बोलावलं तर आधी विचारून घ्या, बोलावं लागणार आहे का. नसेल बोलायचं तर ‘नारळ घेईन, भाषण करणार नाही’ असं स्वच्छ सांगा. जायचंच नसेल तर जाऊ नका. गावाचा मान राखायचा म्हणून सासूबाईंना किंवा दिरांना पाठवा. आणि कुणी पुन्हा तसं विचारलं तर ‘ते त्यांचं काम करतात, आम्ही आमचं’ एवढं म्हणून खाली बसा. याच्यापुढे तुम्ही कुणाचं काही देणं लागत नाही.

आता त्या १० नोव्हेंबरबद्दल. मे महिन्यात धीराने राहिलेली बाई सहा महिन्यांनी, नवरा दिल्लीत नसताना, एका बातमीने कशी कोसळली, असं तुम्हाला वाटतंय. मला यात नवल वाटत नाही. मेमध्ये तुम्हाला कोसळायला फुरसत कुठे होती? घरात लग्न, पाहुणे, टीव्हीसमोर सासूबाई, कडेवर तान्ही म्हणावी अशी पोर. तेव्हाची धडधड आत साठून राहिली आणि पुढच्या मोठ्या बातमीला बाहेर आली. पुढेही येईल. कुठेही स्फोट झाला, कुठे चकमक झाली, गावातल्या कुणा जवानाची शवपेटी आली, की हात थरथरतील. असं झालं की आधी खाली बसा, पाणी प्या, बातमीतलं ठिकाण कुठलं ते पाहा आणि हे कुठे आहेत ते स्वतःशी मोठ्याने म्हणा. मग एकच फोन लावा. उचलला नाही तर एक मेसेज टाका आणि हातातलं काम पुढे न्या. सारखा फोन लावत राहिलं की प्रत्येक न उचललेला फोन म्हणजे नवी वाईट बातमी वाटायला लागते.

पारावरच्या लोकांसाठी ते सगळं १० मेला संपलं. त्यांना २२ एप्रिल आठवतो, ७ मे आठवतो, त्याच्या अलीकडचं-पलीकडचं काही नाही. फौजीच्या घरात मात्र हिशेब वेगळा असतो. जुनं उदाहरण देते. १३ डिसेंबर २००१ला संसदेवर हल्ला झाला आणि फौज सीमेवर गेली, ऑपरेशन पराक्रम. युद्ध झालंच नाही. पण पलटणी जवळपास दहा महिने तिथे उभ्या होत्या आणि सुरुंग पेरताना, काढताना, अपघातांत शेकडो जवान गेले. आज कुणालाही विचारा, संसदेवरचा हल्ला आठवेल, ते दहा महिने नाही आठवणार. ते ज्यांच्या घरात माणूस नव्हता त्यांनाच आठवतात. तुमचंही तसंच आहे. बाहेर सगळं शांत झालंय आणि तुमच्या घरात अजून चालू आहे, यात तुमची काही चूक झालेली नाही.

फोन बंद असण्याबद्दल एकदा नीट बोलायला हवं. हालचाल असते तेव्हा फोन बंद ठेवायचा हुकूम असतो, किंवा जिथे ते असतात तिथे रेंजच नसते. त्या दिवसांत फोन न येणं म्हणजे ते कामावर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या सुट्टीत मिस्टरांकडून तीन गोष्टी ठरवून घ्या. फोन बंद होणार असेल आणि सांगता येत असेल तर एखादं साधं वाक्य, ज्यात जागा नाही, तारीख नाही, फक्त ‘काही दिवस बोलणं होणार नाही’ एवढं तुम्हाला कळेल. दुसरं, त्यांच्याच पलटणीतल्या दोन-तीन घरांचे नंबर, ज्यांच्या बायका तुमच्यासारख्याच फोनची वाट पाहत असतात. तिसरं, युनिटमध्ये घरच्यांनी कुणाशी बोलायचं त्याचा नंबर, नुसता मोबाइलमध्ये नको, वहीतही लिहिलेला.

टीव्हीवर खाली धावणारी पट्टी ही तुमच्यासाठी बातमी नाही, हे मनाशी पक्कं करा. ८ आणि ९ मेच्या रात्री कितीतरी वाहिन्यांनी न घडलेल्या गोष्टी घडल्या म्हणून सांगितल्या. कराचीच्या बंदराचं तुम्ही जे ऐकलंत ते त्यातलंच. त्याआधी २६ एप्रिललाच माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचना दिली होती की लष्करी कारवाईचं थेट प्रक्षेपण करू नका. तुमच्या माणसाचं काही असेल तर ते युनिटकडून कळतं. पट्टीवर नाव-गाव नसताना आपल्याच घरातलं नाव तिथे भरायचं, हे मन करतं. त्याला तेवढं एक नाकारा.

हे सांगतानाच सांगून ठेवते. अशा दिवसांत अनोळखी नंबरवरून फोन येतात, ‘हेडक्वार्टरमधून साहेब बोलतोय, यांची पोस्टिंग आता कुठे आहे?’ शत्रूचे हेर अधिकारी असल्याची बतावणी करून घरच्यांकडून माहिती काढतात. खऱ्या साहेबाला तुमच्या नवऱ्याचा पत्ता तुम्हाला विचारायची गरज नसते. काही न सांगता फोन ठेवा आणि यांच्या कानावर घाला. दिरांनाही सांगा, कारण वहिनी गप्प राहते आणि दीर स्टेटसला फोटो टाकतो, असं पुष्कळ घरांत होतं.

सासूबाईंच्या टीव्हीचं सांगते. माझे वडील फौजेत होते. १९७१च्या डिसेंबरात ते आघाडीवर असताना आमच्या घरी रेडिओ होता, पण आई तो फक्त आकाशवाणीच्या बातम्यांपुरता लावायची. बातम्या संपल्या की कान पिळून बंद, वर कापड. ती काही थंड बाई नव्हती. बातम्यांच्या वेळेआधी ती वडिलांची काळी ट्रंक पुसायची, पांढऱ्या रंगाने लिहिलेला त्यांचा नंबर आणि नाव फडक्याने पुन्हा पुन्हा पुसायची. पण बातम्या संपल्या की स्वयंपाकाला लागायची. तेव्हाच्या बातम्यांना शेवट असायचा. आताच्या वाहिन्यांना शेवट नाही, म्हणून तो आपल्याला करावा लागतो. सासूबाईंना ‘टीव्ही बंद करा’ म्हणालात तर त्या ऐकणार नाहीत, त्यांचा मुलगा तिकडे आहे. त्यांना वेळ ठरवून द्या, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि त्या वेळी तुम्ही शेजारी बसा. एकट्या बाईने बातम्या बघणं आणि दोघींनी बघणं यात फार फरक आहे. त्यांनाही तुमच्याइतकीच भीती आहे आणि त्यांना ती कुणी विचारलेलीही नाही. त्यांना तर माइकही मिळाला नाही.

आणि मुलं समोर असताना टीव्ही नको, हे मात्र कडक पाळा. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत जे अभ्यास झाले त्यांत हे स्पष्ट दिसलं की जी मुलं ती दृश्यं टीव्हीवर जास्त बघत होती त्यांना त्रासही जास्त होता. लहान मूल तीच इमारत पुन्हा पुन्हा पडताना पाहतं तेव्हा त्याला वाटतं, प्रत्येक वेळी नवी इमारत पडतेय. तुमच्या मुलाने त्या मे महिन्यात आजीच्या मांडीवर बसून काय काय पाहिलं असेल, याचा विचार करा.

आता त्याच्याकडे वळते, कारण माझा जीव त्याच्यात अडकलाय.

आठ वर्षांचं पोर दिवसा शाळेत शौर्य सांगतं आणि रात्री अंथरूण ओलं करतं, तेव्हा त्याला दोन्हीकडून एकच गोष्ट छळत असते. त्याला कळलंय की पप्पा मारतात. मग त्याला हेही कळलंय की समोरचेही मारतात. हे त्याला कुणी सांगितलं नाही, त्यानेच जोडलं. मोठ्यांसमोर ते बोलायची सोय नाही, कारण घरात आजी आणि आई आधीच घाबरलेल्या आहेत हे मुलांना मोठ्यांपेक्षा आधी कळतं. म्हणून ते रात्री बाहेर येतं. ओल्या अंथरुणाबद्दल एक शब्द बोलू नका, लहान बहिणीसमोर तर नाहीच. चादर बदला, कपडे बदला, झोपवा.

दिवसा, हात कामात असताना, म्हणजे भाजी निवडताना किंवा गोठ्यात, तुम्ही विषय काढा. समोर बसवून नको, मुलं समोर बसवलं की गप्प होतात. ‘पप्पांचा फोन आला नव्हता ना मेमध्ये, तेव्हा मला भीती वाटली होती. तुला वाटली होती का?’ असं विचारा. तुमची भीती आधी सांगितली की त्याला त्याची सांगता येईल. तो ‘नाही’ म्हणाला तर ‘बरं’ म्हणा आणि भाजी निवडत राहा. दोन दिवसांनी तोच येईल. तो विचारेल, ‘पप्पा मरणार का?’ तेव्हा ‘असं बोलू नये’ म्हणून तोंड दाबू नका. ‘नाही मरणार’ असं वचनही देऊ नका, ते तुमच्या हातात नाही आणि त्याला ते माहीत आहे. सांगा की पप्पांना त्यांचं काम नीट शिकवलेलं आहे, त्यांच्यासोबत त्यांची माणसं असतात, ते स्वतःला जपतात आणि आपल्याकडे परत यायचं त्यांच्याही मनात असतं. आणि सांगा की काहीही झालं तरी मी आहे, आजी आहे, काका आहे, हे घर आहे. त्याला खरं तर हे दुसरंच ऐकायचं असतं.

‘पाकिस्तानला मारतात’ हे वाक्य ओरडून बंद करू नका. हळूहळू त्याला पप्पांचं रोजचं काम कळू द्या. पहाटे उठतात, पीटी करतात, पहारा देतात, स्वतःचे कपडे स्वतः धुतात, बर्फात बूट वाळवतात. मिस्टरांना सांगा, मुलाशी फोनवर बोलताना अशा गोष्टी सांगा. बाप म्हणजे सिनेमातला माणूस नाही, बूट वाळवणारा माणूस आहे, हे कळलं की पोराची भीती त्याच्या आवाक्यात येते. अंथरूण ओलं होणं थांबलं नाही, शाळेत लक्ष लागेनासं झालं, जेवण तुटलं, तर महिनाभर वाट पाहत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस म्हणून सरकारी फोनसेवा आहे, १४४१६ हा नंबर, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. सैन्यदलातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी तिचा स्वतंत्र विभागच डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. तुमच्या स्वतःच्या झोपेसाठीही तिथे फोन करा. तीन महिने झोप नाही म्हणजे हा आता मन खंबीर करण्याचा विषय राहिलेला नाही.

मिस्टर बोलत नाहीत, त्यावर थोडक्यात. त्यांना काय काय घडलं ते सांगता येत नाही, काही गोष्टी सांगायची मुभाही नसते. ‘तिकडे काय झालं’ विचारू नका. ‘झोप लागते का? जेवण जातं का? कुणी जवळचं होतं का?’ हे विचारा. त्यातल्या तिसऱ्या प्रश्नाला ते गप्प झाले तर नुसतं जवळ बसा. मात्र दारू वाढली, उगाच हात उचलला जाऊ लागला, किंवा जगण्यात राम नाही असं बोलले, तर गप्प बसू नका, लष्करी रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते.

आता कागद. याला अपशकुन म्हणतील, म्हणू द्या. पुढच्या सुट्टीत एक अख्खी दुपार यासाठी ठेवा. लग्नाची आणि दोन्ही मुलांच्या जन्माची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या सेवा-नोंदीत, झालेली आहे ना, ते बघा. मुलगी तीन वर्षांची आहे, धाकट्यांची नोंद राहून जाते. त्यांचा नंबर, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता, ग्रुप इन्शुरन्सचं आणि फंडाचं नॉमिनेशन, पगाराच्या खात्याचं नॉमिनेशन, सगळं एका फाइलमध्ये. लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन तसंच राहिलेलं असतं आणि पुढे त्यावरून सासू-सून एकमेकींची तोंडं बघेनाशा होतात, अशी घरं मी पाहिली आहेत. म्हणून हे सासूबाईंना बाजूला ठेवून करू नका, त्यांना शेजारी बसवून करा. त्यांच्या म्हातारपणाची सोय काय, हेही तेव्हाच मिस्टरांनी त्यांच्यासमोर बोलावं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय साताऱ्याला आहे, एकदा जाऊन या, ओळख ठेवा. जमिनीचा वगैरे काही वाद असेल तर जवानांच्या कुटुंबांना विनामूल्य कायदेशीर मदत देणारी वीर परिवार सहायता योजना राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये सुरू केली आहे, तिची चौकशी तिथेच करा. बायका मला सांगतात की ही फाइल झाल्यावर बरं वाटलं. मला ते पटतं. निदान एवढं तरी आपल्या हातात होतं आणि ते आपण केलं, असं होतं.

पेन्शनचं. ‘आता बास करा’ असं म्हणावं का? म्हणावं. बायकोने नाही म्हणायचं तर कुणी म्हणायचं? त्यात देशद्रोह नाही, भित्रेपणाही नाही. जवानाला पंधरा वर्षं पूर्ण झाली की पेन्शनचा हक्क फौजेनेच दिलेला आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसं तो वापरत आली आहेत. पारावर बसून ‘अजून चार दिवस’ म्हणणाऱ्यांनी तुमच्या घरातली नोकरी किती वर्षं चालावी हे ठरवायचं कारण नाही.

पण ते फोनवर म्हणू नका आणि स्फोटाच्या आठवड्यात म्हणू नका. तिकडे पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला घरून आलेलं हे वाक्य सोबत घेऊन उभं राहावं लागतं. ते घरी असताना, एखाद्या शांत दिवशी, कागद-पेन घेऊन बसा. पंधरा वर्षांनी पेन्शन किती बसेल, हवालदार झाल्यावर किती बसेल, दोन्ही आकडे त्यांना क्लार्ककडून मिळतील. मुलगा तेव्हा पाचवीत असेल. त्यांचं वय पस्तिशीच्या आसपास असेल, म्हणजे घरी येऊन त्यांना दुसरं काम करायचंच आहे. कोणतं? पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या आधी कामाचं प्रशिक्षण देतं, त्याचा अर्ज नोकरीत असतानाच करावा लागतो. सरकारी नोकऱ्यांत माजी सैनिकांना राखीव जागा असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांना काय हवंय? पलटण हे त्यांचं दुसरं घर आहे. ‘माझ्या बरोबरीचे तिकडे आणि मी इकडे’ ही टोचणी घेऊन घरी बसलेला माणूस घरी असूनही घरी नसतो. त्यांना थांबायचं असेल तर दुसरे मार्ग आहेत. पीस पोस्टिंग, म्हणजे सीमेपासून दूर शांत ठिकाणी नेमणूक, आली की सगळ्यांनी तिकडे जाऊन राहायचं. ते फील्डला, म्हणजे सीमेवर, असताना छावणीत मागे राहणाऱ्या कुटुंबांना क्वार्टर मिळतात, तिथे शेजारणी तुमच्यासारख्याच असतात, तिथे माइकवर कुणी काही विचारत नाही. गावातच राहायचं असेल तर तेही ठीक. हा निर्णय तुम्हा दोघांचा आहे आणि दोन वर्षं हाताशी आहेत. तुम्ही मनातलं सांगा, त्यांचं ऐका आणि पहिल्याच बैठकीत निकाल लागलाच पाहिजे असा हट्ट धरू नका.

राहिलं गॅदरिंग. शाळेत जाऊन बाईंना भेटा. त्यांच्या मनात गौरवच असणार, फौजीचा मुलगा म्हणून त्यांनी हौसेने त्याला निवडलं असेल. त्यांना एकट्यांना सांगा की ज्याचा बाप आत्ता सीमेवर आहे त्या मुलाला स्टेजवर पडायला लावू नका, आई म्हणून मला ते बघवणार नाही आणि तो रात्री झोपत नाही. समजूतदार शिक्षिका एवढ्यावर ऐकतील. मग मुलाला विचारा, तुला नाटकात काय व्हायला आवडेल. त्याला सैनिकच व्हायचं असेल तर होऊ द्या, जो शेवटी घरी परत येतो तो. नाहीतर विदूषक होऊ द्या, झाड होऊ द्या, पडदा ओढू द्या. आणि नाटकात कामच करायचं नाही म्हणाला, तर त्या दिवशी तुमच्या शेजारी खुर्चीवर बसून दुसऱ्यांचं बघू द्या.